दोन भेटींच्या मधले दिवस



यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा पाहिला म्हणजे एका टोकास उमरखेड दिसते, तर दुसऱ्या टोकास वणी. अशा दूरच्या गावाहून भयाने ग्रासलेला एखादा मनुष्य जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारासाठी आला, तर तज्ज्ञाची गाठ घटकाभरच पडते. पुढील भेटीपर्यंतचे दिवस त्यास आपल्या घरी, शेतात आणि बाजारात काढावयाचे असतात. आणि भय त्यास गाठते तेही तेथेच. मग ह्या मधल्या दिवसांत उपचार थांबलेला असतो काय?

ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. रोग्याच्या बोलण्यातून मनाचा ठाव घेणारे डॉ. फ्रॉइड ह्यांनीच 1918 साली बुडापेस्ट येथील व्याख्यानात एक कबुली दिली. ज्यास रस्त्यावर एकटे जाण्याचे भय वाटते, त्याचा रोग नुसत्या संभाषणाने हटत नाही. त्यास रस्त्यावर जाऊन भयाशी झुंजण्यास प्रवृत्त करावे लागते, असे ते म्हणाले.

पुढे अमेरिकेत आल्बर्ट एलिस ह्यांनी हेच तत्त्व आपल्या पद्धतीत मानाच्या स्थानी बसविले. ते स्वतः तरुणपणी अतिशय लाजाळू होते. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, वयाच्या 19 व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात महिनाभर जाऊन त्यांनी सुमारे 100 अपरिचित स्त्रियांशी संभाषण करण्याचा नेम पाळला. त्यातून प्रीती जुळली नाही, परंतु संकोच मात्र पळाला! 1955 च्या सुमारास त्यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तेव्हा रोग्यास गृहपाठ देणे हे तिचे एक अंगच ठरले.

ह्या गृहपाठातील मर्म साधे आहे. गर्दीस भिणारा मनुष्य बाजार टाळतो. टाळताच त्यास हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यावरच भय पोसले जाते. म्हणून उपचारक व रोगी मिळून पायऱ्या ठरवितात. प्रथम बाजाराच्या तोंडाशी उभे राहावयाचे, नंतर एका दुकानापर्यंत जावयाचे, शेवटी भर गर्दीत वस्तू खरेदी करावयाची. आधी काय होईल असे वाटले व प्रत्यक्षात काय झाले, हे वहीत टिपावयाचे. ही वही पुढील भेटीत प्रथम उघडली जाते.

महाराष्ट्रात ह्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे किशोर फडके अग्रणी होत. एलिस ह्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्यांनी ही विद्या आत्मसात केली व मराठीतून लोकांपर्यंत नेली. 1990 साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी मानसिक आरोग्याची संस्था उभारली, तेथेही ह्या विचारास मोठा आश्रय मिळाला.

परंतु खेड्यांत तज्ज्ञ कोठून आणावयाचे? त्याचे उत्तर गोव्याने शोधले. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत खिन्नतेच्या रोग्यांना साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत उपचार दिले, आणि भेटींच्या मध्ये करावयाची लहान कामे नेमून दिली. त्याचा गुण आल्याचे 2017 साली प्रसिद्ध झाले. यवतमाळच्या शेजारीच, अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत असाच प्रयोग झाला. तेथे खिन्नतेवर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 4.3 वरून 27.2 वर गेले. हे दोन्ही प्रयोग खिन्नतेविषयी होते, भयविकाराविषयी नव्हते, हे खरे. तथापि रोग्याच्या रोजच्या दिवसालाच उपचाराचे साधन करण्याची रीत दोहोंस समान आहे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनाकरिता शासनाने योजिलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात यवतमाळचाही समावेश झाला, तेव्हा ही रीत ह्या जिल्ह्यास परकी राहू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. गृहपाठ ही शाळेतील शिक्षा नव्हे. तो झाला नाही म्हणून लाजून पुढची भेटच टाळणारे रोगी थोडे नाहीत. त्यांना घरच्यांनी एवढेच सांगावे, की कोरी वही घेऊनही जा. पायरी उंच पडली, एवढेच ती सांगते. आणि उपचारकास तेच कळावयास हवे असते.