पेडगावचा कोट

वेड पांघरून पेडगावला जाणे हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. पण हे पेडगाव आहे कुठे? आमच्या कुरकुंभहून दौंडला यावे, भीमा ओलांडावी आणि पूर्वेकडे वळावे. श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या उत्तर तीरावर पेडगावचा भुईकोट आहे.

औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याने १६७३ च्या सुमारास येथे छावणी घातली. पावसाळ्यात फौज इथेच मुक्काम करी. हळूहळू वस्ती वाढली, तट उठला आणि बहादूरगड हे नाव पडले. जुलै १६७४ मध्ये मराठ्यांच्या दोन हजार स्वारांनी खानाला हुलकावणी देऊन दूर नेले आणि मागे सात हजारांनी छावणी लुटली. कोटीचा ऐवज व दोनशे घोडे मिळाले. वाक्प्रचाराचे मूळ लोक या प्रसंगात सांगतात.

पण येथली वस्ती खानाहून जुनी आहे. तटाच्या आत लक्ष्मीनारायणाचे कोरीव देऊळ उभे आहे, ते किल्ल्याच्या कितीतरी आधीचे. नदीच्या बाजूला मोटेची बांधकामे आहेत. भीमेचे पाणी वर खेचून खापरी नळांनी आत खेळवलेले होते. देऊळ घडवणारे पाथरवट, नळ भाजणारे कुंभार आणि मोट हाकणारे गडी यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. त्यांची साक्ष एवढीच.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज आणि कवी कलश यांना कैद करून इथेच औरंगजेबापुढे आणले, त्यांची धिंड काढली. ११ मार्चला भीमेच्याच काठी, पण वरच्या अंगाला, त्यांना ठार मारण्यात आले. आज लोक या जागेला धर्मवीरगड म्हणतात. राजाबरोबर एका कवीनेही मरण पत्करले, हे आठवले की माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याचा पाय तिथे जड होतो.

‘यात तुमचे काय?’ असे मला कधी कधी विचारतात. मी मराठीत लिहिणारा मुसलमान, म्हणून हा प्रश्न. माझे उत्तर सरळ आहे: देऊळ माझे, तट माझा, आणि तिथे झालेल्या जुलमाची लाजही माझी. वारसा वाटून घेता येत नाही.

म्हणून एक विनंती. गडावर जाल तेव्हा धनाच्या आशेने कुदळ मारू नका, चिरा हलवू नका, खापराचा तुकडा खिशात घालू नका. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी सापडली, यावरून संशोधक तिचा काळ ठरवतो. जागेवरून उचलली की ती मुकी होते. पेडगावला जरूर जा, पण वेड पांघरून नको.