विमानतळ अदानींचा, मग टॉवरमधला माणूस कोणाचा?

चितेगावच्या एखाद्या कंपनीत कामासाठी येणारा माणूस मुंबईहून विमानाने चिकलठाण्याला उतरतो आणि पैठण रोड धरतो. मुंबई विमानतळ २००६ पासून खासगी हातात आहे. आधी जीव्हीके, २०२१ पासून अदानी समूह. चिकलठाणा मात्र एएआयचं, म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं. तरी पायलटच्या हेडफोनमध्ये येणारा आवाज दोन्हीकडे एएआयच्याच माणसाचा असतो. टर्मिनल, पार्किंग, दुकानं खासगी झाली, पण हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणजे एटीसी, सरकारने स्वतःकडेच ठेवलं.

याला अपवाद लष्करी तळांचा. पुण्यात लोहगावला टॉवर हवाई दलाचा. गोव्यात तर दोन विमानतळांची दोन तऱ्हा. मोपा जीएमआर कंपनीचं, पण एटीसी एएआयचं. दाभोळीत एटीसी नौदलाचं. तिथे नागरी विमानांना लष्करी सरावाच्या वेळा सांभाळून यावं-जावं लागतं. पायलटला जाणवणारा फरक आवाजातला नाही, वेळापत्रकातला आहे.

मग कंत्राटी कंट्रोलर कुठे असतात? अमेरिकेत. १९८१ मध्ये तिथल्या कंट्रोलरांनी संप केला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून जास्त जणांना कामावरून काढलं. पुढच्याच वर्षी काही छोट्या विमानतळांचे टॉवर कंपन्यांना चालवायला दिले गेले. आज असे टॉवर २५० च्या वर आहेत. पगार कंपनी देते, पैसा आणि नियम एफएए या सरकारी यंत्रणेचे.

रेडिओवर पायलटला हा फरक सहसा कळत नाही. भाषा ठरलेली, पात्रतेचे नियमही तेच. कंट्रोलरही अनेकदा एफएए किंवा लष्करातून निवृत्त झालेले. फरक वाटतो तो टॉवरच्या आकाराचा. बऱ्याच छोट्या टॉवरमध्ये रडारचा पडदा नसतो. कंट्रोलर काचेतून, दुर्बिणीतून बघतो आणि 'तुम्ही आत्ता कुठे आहात?' हे पायलटलाच विचारतो. यात कंत्राटाचा दोष काढणं चुकीचं ठरेल. २०१२ च्या सरकारी तपासणीत तर हे टॉवर तशाच सरकारी टॉवरपेक्षा बरेच स्वस्त निघाले आणि सुरक्षेतही मागे नव्हते. २०१३ मध्ये पैसे वाचवायला १४९ कंत्राटी टॉवर बंद करायचं ठरलं, तेव्हा पायलटांच्या संघटनेनेच विरोध केला. निर्णय मागे घ्यावा लागला.

कंत्राटाची खरी दुखरी नस वेगळीच आहे. २०२५ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सॅन कार्लोसच्या टॉवरचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. नवी कंपनी देऊ करत असलेला पगार कंट्रोलरांना परवडेना, त्यांनी नकार दिला. टॉवर रिकामा पडायची वेळ आली आणि शेवटी एफएएला आपली माणसं पाठवायची तयारी करावी लागली. टेंडर बदललं म्हणून टॉवर ओस पडतो, हे सरकारी नोकरीत होत नाही.

पण सरकारी म्हणजे निर्धोक, असंही नाही. त्यासाठी अमेरिकेत जायला नको.

२६ एप्रिल १९९३. तेव्हाचं औरंगाबाद. चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपता संपता उचललं आणि पलीकडच्या बीड रोडवर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं. पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणं पुढे आली. एक, पायलटांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दोन, उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक आवरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. हे प्राधिकरण आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण १९९५ मध्ये एकत्र आले आणि त्यातूनच आजचं एएआय झालं.