लंकादहन : नाशिकने घडविलेला आणि नाशिकच विसरलेला सूडपट

१/ भारतीय चित्रपटाच्या आरंभाविषयी बोलताना आपली गाडी ‘राजा हरिश्चंद्र’पाशी येऊन थांबते. ३ मे १९१३, गिरगावातील कॉरोनेशन, दादासाहेब फाळके. एवढे सांगितले की आद्यपर्व संपले, असा समज आहे. मात्र फाळके यांचा डळमळलेला व्यवसाय ज्या चित्रपटाने सावरला, तो चार वर्षांनंतरचा आहे. तो नाशिकात तयार झाला आणि त्याचे नाव ‘लंकादहन’ (१९१७).

२/ दोन्ही कथांचा स्वभाव मुळातच वेगळा आहे. हरिश्चंद्र सोसतो : राज्य देतो, पत्नी-पुत्र विकतो, स्मशानात राबतो, पण प्रतिकार करीत नाही. ‘लंकादहना’त अपहरण आहे, शत्रूच्या नगरीत एकट्याने केलेला प्रवेश आहे, बंधन आहे, विटंबना आहे आणि अखेरीस त्या विटंबनेची पुरेपूर परतफेड आहे. ज्या शेपटीला चेष्टेने आग लावली, तीच शेपटी लंका जाळते. अपमान करणाऱ्याच्या हातूनच नायकाला शस्त्र मिळते. पुढच्या शंभर वर्षांतल्या किती सूडपटांचा सांगाडा याहून वेगळा आहे?

३/ ही सूडकथा नाशिकच्या मातीतली आहे, हे विशेष. लोकपरंपरेनुसार शूर्पणखेचे नाक पंचवटीत कापले गेले आणि ‘नासिक’ हे नाव त्या नासिकेवरूनच पडले. तिच्या अपमानाचा सूड म्हणून सीताहरण, सीताहरणाचा सूड म्हणून लंकेचा नाश. सीतागुंफा पंचवटीतच आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना लागणारा अंजनेरीचा डोंगर हनुमानाचे जन्मस्थान मानला जातो. आणि ३० एप्रिल १८७० रोजी फाळके जन्मले ते त्याच वाटेवरच्या त्र्यंबकेश्वरी.

४/ ‘हरिश्चंद्र’च्या यशानंतर फाळके यांनी दादरहून आपला कारखाना नाशिकला हलविला. येथे ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ झाले. १९१४ साली हे चित्रपट घेऊन ते लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांचे कौतुक केले. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म परदेशातून येणारी, भांडवलदारांचा हात आखडलेला. परतलेल्या फाळक्यांपुढे कर्ज आणि बंद पडत चाललेला कारखाना उभा होता.

५/ या काळात त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा बोधपट काढला. चित्रपट हा जादूटोणा नसून उद्योग आहे, हे लोकांना आणि पैसेवाल्यांना पटवून देण्याचा तो एक प्रयत्न होता. घरात सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत आणि मंडळींच्या जेवणाचीही व्यवस्था पाहत. अशा ओढाताणीत ‘लंकादहन’ उभा राहिला.

६/ आता नटमंडळींकडे वळू. अण्णा साळुंके हे मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात नोकरी करीत. ‘हरिश्चंद्र’साठी स्त्री कलावंत मिळेना, तेव्हा फाळके यांची नजर त्यांच्या नाजूक बांध्यावर आणि हातांच्या लयीवर गेली. दहा रुपयांचा पगार सोडून पंधरा रुपयांवर ते आले आणि तारामती झाले. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका हा एक पुरुष होता.

७/ ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय चित्रपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. कथाभागाची निवडही येथे उपकारक ठरली : सीता अशोकवनात, राम समुद्रापलीकडे, दोघांची ताटातूट हाच कथेचा विषय. एकाच चेहऱ्याने विरहाच्या दोन्ही बाजू सांभाळायच्या, त्याही आवाजाविना, केवळ डोळे, मान आणि हात यांच्या भाषेत.

८/ तेव्हा स्त्रिया पडद्यावर आल्याच नव्हत्या का? आल्या होत्या, आणि त्याही फाळक्यांकडेच. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली होती. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमी गाजवती झाली. पण वाट एकदा उघडली म्हणून ती वाहती राहतेच असे नाही. बालगंधर्वांच्या त्या काळात पुरुषाने स्त्री साकारणे प्रेक्षकाला खटकत नव्हते आणि पडद्यावर येणाऱ्या स्त्रीला समाज मात्र सहज स्वीकारीत नव्हता.

९/ हनुमान झाले गणपत शिंदे. वानराच्या रंगभूषेत माणसाचा चेहरा जवळजवळ हरवतो, अशा वेळी सारा अभिनय देहाने करावा लागतो. चित्रण बहुतांशी सूर्यप्रकाशात होई. उड्डाण आणि आग यांसाठी फाळके यांची युक्तिछायाचित्रणाची कला होती, पण त्या युक्तीत जीव ओतणारे शरीर शिंद्यांचे होते. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. त्यांना ही विद्या फाळक्यांनीच शिकविलेली.

१०/ चित्रपट लागला आणि गर्दी लोटली. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायातले जोडे काढून हात जोडत, जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, असे सांगितले जाते. या कथांना आख्यायिकेचा रंग चढला असेल, पण यशाविषयी वाद नाही. त्याच बळावर १९१८ साली मुंबईच्या भांडवलदारांसह नाशिकात ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली.

११/ काळाचा संदर्भही लक्षात घ्यावा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्याच विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला होता. १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर सरकारने बंदी घातली, कारण कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसत होता. पुराणातला सूड हा केवळ पुराणातला राहत नाही, हे सत्ताधाऱ्यांनाही ठाऊक होते. चित्रपटांसाठी सेन्सॉर मंडळे १९२० साली आली. ‘लंकादहन’ त्याआधीच पडद्यावर जळून गेली होती.

१२/ जळून गेली, हे शब्द दुसऱ्या अर्थानेही खरे वाटावेत अशी स्थिती आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई आणि जपून ठेवण्याची दृष्टी कोणाला नव्हती. आज ‘लंकादहना’चे काही तुकडेच शिल्लक आहेत. जो चित्रपट पोत्यांनी नाणी मोजायला लावतो, तो पाहायला मिळतो मिनिटांच्या हिशेबात.

१३/ साळुंके पुढेही फाळक्यांच्या चित्रपटांत काम करीत राहिले, छायालेखनाकडेही वळले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आणि त्या चित्रपटाचे कौतुक आजही होते. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच निवर्तले. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. हे सारे यथोचितच आहे.

१४/ परंतु चित्रपट एकट्याने होत नाही. उपाहारगृहातल्या पंधरा रुपयांच्या माणसाने राम आणि सीता दोघेही पेलले, रंगभूषेआड चेहरा हरवून एकाने लंका जाळली, आणि एका स्त्रीने चुलीपासून फिल्मपर्यंत सारे निगुतीने सांभाळले. पंचवटीत रोज हजारो लोक रामाच्या दर्शनाला येतात. पडद्यावरचा पहिल्यावहिल्यांपैकी एक राम याच गावात घडला, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. पुढच्या वेळी अंजनेरीवरून जाताना गणपत शिंदे हे नाव एकदा आठवावे. (समाप्त)