रंगाची तेरीज

बँकेत नवा लागलेला पोरगा पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकतो. एका कारकुनानं दहा रुपये जास्त लिहिले की तेरीज बोंबलते आणि रात्री नऊपर्यंत सगळे अडकतात. पण दुसऱ्या कुणी त्याच दिवशी त्याच बाजूला दहा रुपये कमी लिहिले असतील, तर तेरीज झकास जुळते आणि दोघेही नेहमीच्या लोकलनं घरी जातात. कॉमर्सच्या पुस्तकात या भरपाईच्या चुकांवर अख्खा धडा होता. रंगीत टेलिव्हिजन याच चुकांवर चालतो, हे मात्र त्यात नव्हतं.

अमेरिकेनं १९५३ च्या डिसेंबरात रंगीत चित्राची एन.टी.एस.सी. पद्धत मंजूर केली. अट अशी, की लोकांचे जुने कृष्णधवल संच भंगारात जाता कामा नयेत. म्हणून उजेड-अंधाराचं मूळ चित्र तसंच ठेवून रंग त्याच्या पाठुंगळीवर बसवून पाठवला. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. पण रंगाची छटा ठरायची लहरीच्या ठेक्यावरून, आणि वाटेत ठेका चुकला की बातम्या सांगणाऱ्याचं तोंड दोडक्यासारखं हिरवं! त्यासाठी संचाला छटेचं वेगळं बटण असे. एन.टी.एस.सी. या अक्षरांचा अर्थ 'एकदा दिसला तो रंग पुन्हा नाही' असा आहे, अशी थट्टा खुद्द इंजिनियर मंडळीच करत.

यावरचा कारकुनी उपाय जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुखनं काढला आणि जानेवारी १९६३ मध्ये हॅनोव्हरला तज्ज्ञांना दाखवला. रंगाच्या संदेशाचा एक भाग दर ओळीआड उलटा करून पाठवायचा. एका ओळीत चेहरा हिरवट झाला, तर पुढच्या ओळीत तितकाच जांभळट होतो. संच दोन्हींची सरासरी काढतो. रंग किंचित फिका पडतो, पण माणूस माणसासारखा दिसतो. हीच 'पाल' पद्धत. (मराठी माणूस हे नाव ऐकून आधी भिंतीकडे बघतो, त्याला इलाज नाही.) पद्धतीला स्वतःचं नाव का दिलं नाहीस, असं ब्रुखला विचारलं, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की 'ब्रुख' म्हणजे मोडतोड, मोडतोड पद्धत कोण विकत घेणार?

२५ ऑगस्ट १९६७ ला पश्चिम बर्लिनमध्ये विली ब्रांट यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्यांनी लाल बटण दाबायचं आणि पडद्यावर रंग यायचा. बटण नुसतं शोभेचं होतं. आत बसलेल्या माणसानं घाई केली आणि ब्रांटसाहेबांचं बोट टेकायच्या आतच रंग आला! आपल्याकडे कोनशिलेचा पडदा वाऱ्यानं आधीच उडतो, तसंच.

त्याच वर्षी फ्रान्सनं आणि रशियानं सेकाम नावाची तिसरी चूल मांडली. १९६९ मध्ये पूर्व जर्मनीही तिथंच जेवायला बसली. परिणाम असा, की पूर्व बर्लिनमधला माणूस साध्या रंगीत संचावर भिंतीपलीकडचा कार्यक्रम लावी, तर तो कृष्णधवल दिसे. चित्र भिंत ओलांडून यायचं. रंग पलीकडेच राहायचा.

आपण 'पाल' घेतली. १५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीचा सोहळा रंगीत दिसला, नोव्हेंबरात एशियाड. मी तेव्हा पाळण्यात होतो. पुढेही कित्येक वर्षं आमच्या चाळीत रंगाची सोय म्हणजे पडद्यावर लावायची प्लॅस्टिकची काच: वर निळी, मध्ये गुलाबी, खाली हिरवी. आभाळ-जमीन असेल तोवर ठीक. माणूस जवळ आला की त्याचं कपाळ निळं.

या जागतिक भांडणाची झळ आमच्या घराला लागली ती २००६ साली. न्यू जर्सीच्या मावशीच्या मुलीचं लग्न झालं. आईला जाणं जमलं नाही, म्हणून तिनं १९७४ चा आपला लग्नातला शालू पाठवला होता. लग्नाची डीव्हीडी आली, शेजारपाजार जमला, आणि पडद्यावर सगळं करडं! दुकानदार फोनवर म्हणाला, पिक्चर ट्यूब गेली. वरच्या मजल्यावरच्या काकांनी पिवळी वायर हिरव्या भोकात घातली.

ट्यूब ठणठणीत होती. तबकडी एन.टी.एस.सी., संच नुसता पाल जाणणारा. अशा संचात रंगाची खूण तपासणारी यंत्रणा असते, इंग्रजीत तिचं नाव चक्क 'कलर किलर'. खूण पटली नाही की ती रंग बंदच करते. आमच्या काउंटरवर सही जुळली नाही की चेक परत, त्यातलाच प्रकार.

"माझ्या लग्नाचे फोटोही असेच आहेत रे," आई म्हणाली. "तो शालू रंगात कधी दिसलाच नाही कुणाला."

मी प्लेअरचा रिमोट घेतला, सेटिंगमध्ये जाऊन एन.टी.एस.सी.च्या जागी पाल केलं. पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग आला तो थेट डाळिंबी. आई चष्मा पुसून पुढे सरकली.

"थांबव तिथेच," ती म्हणाली. "काठाला जरा वीण सुटली होती, ती दिसते का बघू दे."