स्वरलिपि आणि स्वामित्वधन

नव्या मुंबईंत वाशी येथें अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तु आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ सालीं मिरज येथें निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनीं हें मंडळ त्याच सालीं स्थापिलें. त्याच नगरांत नेरूळच्या क्रीडांगणावर जानेवारी २०२५ मध्यें कोल्डप्ले या विलायती वाद्यवृंदाचे जलसे झाले. जाहीर जलशांत गाइल्या जाणाऱ्या गीताबद्दल त्याच्या कवीस व संगीतकारास द्रव्य मिळावें, हें तत्त्व आज सर्वमान्य आहे. आपल्या देशांत या देण्याचा इतिहास शोधूं जातां तो लिहिलेल्या कागदापाशीं येऊन पोहोंचतो. म्हणूनच हस्तलिखितांच्या संग्राहकांस तो विचारार्ह आहे.

हे हक्क दोन प्रकारचे. गीत लोकांसमोर गाण्याचा किंवा वाजविण्याचा तो प्रयोगाचा हक्क; तेंच गीत तबकडींत वा अन्य साधनांत उतरविण्याचा तो यांत्रिक मुद्रणाचा हक्क. दुसऱ्याची गरज तबकडीमुळें उत्पन्न झाली. ग्रामोफोन कंपनीनें कलकत्त्यास १९०२ च्या नोव्हेंबरांत गायनाचें मुद्रण आरंभिलें. पुढें १९११ च्या विलायती कायद्यानें, एकदां संमतीनें मुद्रित झालेलें गीत इतरांसही ठराविक मोबदला देऊन मुद्रित करण्याची मुभा दिली. हा मोबदला विक्रीच्या किंमतीवर पहिलीं दोन वर्षें शेंकडा अडीच व पुढें शेंकडा पांच असा होता.

हा कायदा १९१४ सालीं हिंदुस्थानास लागू करतांना त्यांत एक कलम घालण्यांत आलें. त्या पांचव्या कलमान्वयें ‘संगीतकृति’ म्हणजे लेखनांत उतरविलेली स्वररचना, असें ठरलें. अर्थात् ज्या देशांत विद्या गुरुमुखानें चालत आली, तेथें न लिहिलेल्या चिजेवर कायद्यानें कोणाचाच हक्क उरला नाहीं. उलट तबकडीचा स्वतंत्र हक्क मूळ मुद्रिकेच्या मालकाकडे, म्हणजे बहुधा कंपनीकडे गेला. गवयानें स्वतः बांधलेली चीज भोंग्यासमोर गाइली, तर तिचा आवाज कंपनीच्या मालकीचा. चीज मात्र अलिखित असल्यानें बेवारस, अशी स्थिति झाली.

या दृष्टीनें पलुसकर व भातखंडे यांच्या स्वरलिपींचें महत्त्व केवळ शिक्षणापुरतें नाहीं. पं. विष्णु नारायण भातखंडे हे स्वतः वकील होते. त्यांनीं घराण्यांत जपलेल्या चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’ंत स्वरलिपीसह छापल्या. त्यांतील पुष्कळशा सदारंगादि पूर्वसूरींच्या असल्यानें त्यांवर हक्काचा प्रश्न नव्हता. परंतु हयात रचनाकारास मात्र अशी लिपिबद्ध नोंद हाच आधार होता.

१९५७ च्या कायद्यानेंही ही लेखनाची अट सोडली नाहीं. ती १९९४ च्या दुरुस्तीनें गेली. १० मे १९९५ पासून ही दुरुस्ती अमलांत आली व त्याच वेळीं गायकांसही प्रयोगकर्त्याचा हक्क मिळाला. मधल्या काळांत, १९६९ सालीं मुंबईस इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. परंतु १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, उलट करार नसेल तर चित्रपटासाठीं मोबदला देऊन करविलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच होय. न्या. कृष्ण अय्यर यांनीं त्याच निकालास पुस्ती जोडून गायकांच्या उपेक्षेकडे लक्ष वेधलें. २१ जून २०१२ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें कवि व संगीतकार यांचा चित्रपटगृहाबाहेरील उपयोगाच्या स्वामित्वधनांतील समान वांटा त्यांचे वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज इतरांस देतां येईनासा झाला.

सारांश, हक्क कोणाचा हें ठरविण्यास आजही जुने करारनामेच पाहावे लागतात. नाटक मंडळ्यांच्या वह्या, गवयांचीं स्वरलिपींचीं टिपणें, कंपन्यांच्या पावत्या व तबकड्यांवरील नांवें हीं केवळ हौसेचीं वस्तु नव्हत; एखाद्या संगीतकाराच्या वारसांचें न्याय्य देणें त्यांवर अवलंबून असूं शकतें. सबब ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत जाऊं न देतां त्यांवर तारीख, नांव व प्राप्तिस्थान नोंदवून ठेवावें, अशी विनंति आहे.