वृक्षादनी की वृक्षरुहा

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात झाडावर उगवणाऱ्या झाडाला चार नावं दिली आहेत: वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका. समानार्थी म्हणून ती शेजारी शेजारी बसवली आहेत, पण मधल्या दोघींचं पटत नाही. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. खाणं आणि वाढणं यांतला फरक कोशकाराने केला नाही आणि बोलीभाषांनीही फारसा केला नाही. मराठीत फांदीवर बसलेल्या सगळ्यांना सरसकट बांडगूळ म्हणून मोकळं होता येतं. तमिळमध्ये पुल्लुरुवि. दोन्ही भाषांत हे शब्द माणसांसाठीही वापरले जातात आणि दोन्हीकडे त्यांचा अर्थ एकच: दुसऱ्याच्या जिवावर जगणारा.

विल्यम जोन्सने कोलकात्यात भारतीय वनस्पतींवर टिपणं लिहिताना यातला पहिला शब्द एका ऑर्किडला दिला. ती टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १७९५मध्ये छापली गेली. आज जगभरच्या रोपवाटिकांत ‘व्हँडा’ नावाने विकलं जाणारं फूल ते हेच. झाडाचा एक थेंबही न पिणारी वनस्पती संस्कृतातलं बांडगुळाचं नाव घेऊन जगभर हिंडते आहे. खरं बांडगूळ आपली मुळं यजमान झाडाच्या सालीतून आत घुसवतं आणि त्याचा रस ओढतं. ऑर्किडची मुळं सालीला फक्त धरून राहतात. पाणी येतं पावसातून आणि दवातून, खनिजं सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून आणि कुजणाऱ्या पाचोळ्यातून.

चेन्नईत आज अनेक घरांच्या गॅलरीत, ग्रिलला किंवा गच्चीच्या तुळईला, नारळाच्या सोडणावर बांधलेली ऑर्किडं लोंबताना दिसतात. सोडणावर बांधायचं, मातीत पुरायचं नाही, ही गोष्ट आता रोपवाटिकेतला पोऱ्याही सांगतो. पण ती कळायला विद्वानांना जवळजवळ दीडशे वर्षं लागली आणि त्या काळात लाखो रोपं मेली. ज्यांना आधीपासून कळलं होतं त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं.

निदान एका ठिकाणी मात्र ते लिहिलं गेलं. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीडच्या ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापले गेले. त्यामागची माहिती मलबारातल्या वैद्यांची होती: इट्टी अच्युदन हा मुख्य, आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण. या तिघांनी १६७५मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेला कोंकणी दाखला पहिल्या खंडात छापला आहे. छापील कोंकणीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी तो एक, म्हणून भाषेचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात. मला त्या ग्रंथातला बारावा खंड जास्त ओढून घेतो, कारण ऑर्किडं तिथे आहेत.

त्यांची नावं पाहावीत. ‘अन्सजेली मरावरा’, ‘कान्सजिराम मरावरा’. डच कानांनी ऐकलेलं हे मल्याळम आहे. मरवाळ म्हणजे झाडावरची केळ. पहिला शब्द ती कोणत्या झाडावर मिळते ते सांगतो. अंजिली म्हणजे आपल्याकडचा रानफणस, आणि कांजिरम म्हणजे काजरा. लिनिअसने पुढे याच चित्रांवरून या दोघांना लॅटिन नावं दिली. रानफणसावरची आज ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा म्हणून ओळखली जाते. कोकणात तिला सीतेची वेणी म्हणतात. काजऱ्यावरची ती सिंबिडियम अलोइफोलियम. लॅटिन नावांत झाड गळालं. पानाचं टोक कसं आहे, पान कोरफडीसारखं आहे का, एवढंच उरलं. मलबारी वैद्याच्या नावात मात्र वनस्पतीचा पत्ता होता. शिवाय ‘केळ’ म्हणण्यात चोरीचा आरोप नाही. ज्याला हे रोप घरी आणायचं आहे त्याला दोन नावांपैकी कोणतं कामाचं, हे वेगळं सांगायला नको.

टांगण्याची पहिली ठळक नोंदही आशियातल्याच एका घराच्या वळचणीची आहे. झुआंव द लोरेरो हा पोर्तुगीज जेझुइट कोचिनचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, तीसहून अधिक वर्षं राहिला. १७९०मध्ये लिस्बनला छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने एका सुगंधी ऑर्किडचं वर्णन केलं: जंगलातून काढून घरात नुसती हवेत टांगली तरी ती वर्षानुवर्षं जगते, वाढते आणि फुलते. त्याने तिचं नाव ठेवलं एरिडीस, हवेची लेक. वाक्य छापलेलं होतं, लॅटिनमध्ये होतं आणि युरोपात वाचलंही जात होतं. तरीही इंग्लंडचे माळी ऑर्किडं कुंडीत पुरत राहिले, भट्टीने तापवलेल्या काचघरात, ओल्या भुश्शात. झाड म्हणजे मुळं जमिनीत, हा विचार सोडणं त्यांना जड गेलं असावं.

जोसेफ बँक्सने १८१७च्या सुमाराला लंडनजवळच्या आपल्या बागेत काटक्यांच्या हलक्या टोपल्यांत शेवाळ घालून ऑर्किडं टांगली आणि त्यातली काही जगली. पण १८३०मध्ये जॉन लिंडलीने, म्हणजे त्या काळातल्या ऑर्किडांच्या सर्वांत मोठ्या जाणकाराने, हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे सल्ला दिला: भरपूर उष्णता, दाट सावली, कायम ओल. हा सल्ला शब्दशः पाळला गेला. डोंगरातल्या गार वाऱ्यात वाढलेली रोपं त्या वाफेत उकडून निघाली. पुढे चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टनने काचघरांच्या खिडक्या उघडल्या, हवा खेळवली, तेव्हा कुठे मरणं कमी झालं.

मद्रासचा भाग इथून सुरू होतो, आणि तो कागदावरचा आहे. लिनिअसचा शिष्य योहान केनिग कंपनीच्या मद्रास सरकारचा निसर्गतज्ज्ञ होता. त्याच्या तालमीत तयार झालेला विल्यम रॉक्सबर्ग १७७६मध्ये मद्रासला साहाय्यक सर्जन म्हणून आला आणि नंतर उत्तरेला सामलकोटला राहिला. तिथे त्याने स्थानिक चित्रकारांकडून शेकडो वनस्पतींची चित्रं काढून घेतली. त्यांतली तीनशे ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमांडेल’मध्ये आली. तपकिरी चौकड्यांच्या पाकळ्यांची एक ऑर्किड त्यांत आहे, आज जिला व्हँडा टेसेलाटा म्हणतात. पूर्व किनाऱ्याच्या सपाटीवर, कोरड्या रानात आणि आंब्याच्या झाडांवर ती आपोआप येते. चेन्नईच्या हवेत कुणाचीही मनधरणी न करता जगणारी ऑर्किड शोधायची तर हीच. आयुर्वेदाच्या ग्रंथांतली रास्ना ती हीच, असं बंगालचे वैद्य मानतात. दक्षिणेत रास्ना म्हणून आल्याच्या कुळातलं कोळिंजन देतात, आणि पश्चिम भारतात तिसरंच काही. एकंदरीत या वनस्पतीच्या नशिबी चुकीची नावं आहेत, एवढं खरं.

रॉबर्ट वाइट १८१९मध्ये मद्रासला आला. त्याचा ‘आयकॉनेस’ हा चित्रग्रंथ १८३८ ते १८५३ या काळात मद्रासलाच दगडावर छापला गेला: सहा खंड, २१०१ चित्रं. ती बहुतेक दोन माणसांनी काढली, आधी रंगय्याने आणि नंतर गोविंदूने. या दोघांच्या आयुष्याबद्दल जवळजवळ काहीच नोंदलेलं नाही. पण ऑर्किडच्या ओठाची घडी, परागपिंडांचा देठ, मुळांच्या टोकाचा हिरवा ठिपका, हे सगळं त्यांच्या हातून गेलं. १८५३मध्ये वाइटने एका ऑर्किडच्या प्रजातीसमूहाला ‘गोविंदूइया’ असं नाव दिलं. कंपनीच्या राज्यात एका भारतीय चित्रकाराला असा मान मिळणं दुर्मीळच. गंमत म्हणजे ही ऑर्किड झाडावर बसणारी नव्हे, जंगलातल्या जमिनीवर उगवणारी आहे. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आधीच्याच ट्रॉपिडिया या नावात जमा केलं आणि गोविंदूचं नाव समानार्थींच्या यादीत जाऊन पडलं. चित्रं एडिनबराच्या आणि क्यूच्या संग्रहांत शाबूत आहेत.

मद्रासची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३५ची. तिच्या सुरुवातीच्या कामात वाइटचा वाटा होता. कॅथीड्रल रोडवरची तिची बाग शहरातल्या अनेक पिढ्यांच्या हौशी माळ्यांना ठाऊक आहे.

हौसेची दुसरी बाजूही याच काळातली. जोसेफ हुकर १८५०मध्ये खासी टेकड्यांत होता. निळ्या व्हँडाची सात माणसांना पेलतील इतकी ओझी त्याने क्यूसाठी गोळा केली आणि इंग्लंडला त्यांतली फारच थोडी जिवंत पोचली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच्यासोबत आपला माळी धाडणाऱ्या एका गृहस्थानेही एक माणूसभर ओझं पाठवलं. ते खराब अवस्थेत पोचलं, तरी तीनशे पौंडांना गेलं. जिथे फांदीसकट तोडून ओझी बांधली जात होती, तिथे ‘झाड खाणारी’ कोण, हा प्रश्न नव्याने विचारायला हरकत नव्हती. या निळ्या व्हँडाला भारतीय कायद्याचं संरक्षण मिळायला १९९१ उजाडलं. त्या वर्षी वन्यजीव कायद्याला वनस्पतींची अनुसूची जोडली गेली आणि त्या मोजक्या नावांत निळी व्हँडा, लाल व्हँडा आणि लेडीज स्लिपर होत्या.

जंगलावरचा भार कमी केला तो कायद्यापेक्षा बाटलीने. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो. रानात एखादी बुरशी त्यात शिरते आणि ते बी त्या बुरशीला पचवून वाढतं. म्हणजे ऑर्किड खाते खरी, पण झाडाला नाही. अमरसिंहाला एक पाचवं नाव सुचवता आलं असतं. १९२२मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने दाखवलं की बुरशीच्या जागी साखर घातलेला अगार दिला तरी बी रुजतं. १९६०मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेलने शेंड्याच्या पेशींपासून एकासारखी एक रोपं काढली. चेन्नईच्या बाजारात दिसणारी जांभळी-पांढरी ‘सोनिया’ डेंड्रोबियम या वाटेने आली. तिचं पाळणाघर बाटलीत होतं, फांदीवर ती कधी बसलेलीच नाही. तरीही मुळं फुटली की ती पहिल्या दिवसापासून काहीतरी धरायला पाहतात.

ही मुळं नीट पाहिली की टांगण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मुळावर मेलेल्या पेशींचा पांढरा, स्पंजासारखा थर असतो. कोरडा असताना तो चांदीसारखा दिसतो. पाणी पडलं की काही क्षणांत भिजून पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. चांदी दिसली की पाणी द्यायचं, हिरवं असेपर्यंत हात लावायचा नाही. मातीत पुरलं की हा थर कधी सुकतच नाही आणि मूळ गुदमरून कुजतं. इंग्लंडच्या भट्टीघरांत हेच झालं. जाड पानांच्या या जातींपैकी बऱ्याच जणी पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणून मे महिन्यातलं चाळीस अंशांचं ऊन त्या सावलीत सोसतात. समुद्राची दमट रात्र त्यांना चालते.

पुण्या-मुंबईहून आलेल्याला चेन्नईचं वेळापत्रक मात्र उलटं शिकावं लागतं. इथे वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. जूनमध्ये आपल्याकडे मिरगाचा पाऊस येतो तेव्हा इथली मुळं चांदीसारखी कोरडी असतात. रोप बांधायचं ते मुळांना नवे हिरवे शेंडे फुटताना. सोडण आधी काही दिवस पाणी बदलत भिजवायचं, कारण त्यात क्षार असतात. पण पावसात ते वर्षा-दोन वर्षांत कुजतं. त्यापेक्षा साल असलेला आंब्याच्या फांदीचा तुकडा टिकतो. सागाच्या पट्ट्यांची टोपली त्याहून जास्त टिकते. फुटक्या मंगळुरी कौलाचे तुकडे आणि कोळसा त्या टोपलीत घालतात. बाझल मिशनने १८६५मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्यापासून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर आणि मद्रासकडे घराघरांवर चढली. आता जुनी घरं पडतात तशी ती बागेत उतरतात. बांधताना रोप किंचित खाली झुकतं ठेवायचं, फांदीवर ते तसंच असतं, म्हणजे शेंड्यात पाणी साचत नाही. तांब्याची तार वापरायची नाही, ती मुळांना विषारी ठरते.

पाणी ही इथली खरी अडचण. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याने मुळांची टोकं जळतात. २००३मध्ये तमिळनाडूने सगळ्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं केलं, आणि ज्या गच्चीवर टाकी उरली आहे तिथली ऑर्किडं वेगळी ओळखू येतात. २०१९च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले, टँकरपुढे रांगा लागल्या. त्या उन्हाळ्यात टांगलेल्या रोपाला सकाळी एक फवारा द्यायचा की नाही, याचा हिशेब घरोघर वेगळा लागला असणार.

उलट टोकाला वादळं. १२ डिसेंबर २०१६ला वरदा आलं तेव्हा शहरातली हजारो मोठी झाडं एका दिवसात पडली. ज्या रस्त्यांवर पावसाळी झाडांची छत्री होती, तिथे दुसऱ्या दिवशी मोकळं आकाश दिसलं. वादळाची सूचना आली की गॅलरीतली रोपं आत घ्यायची, हे इथल्या डिसेंबरचं काम आहे. दारातल्या आंब्याला बांधलेलं रोप मात्र कुणी सोडवत नाही. ते सुती दोऱ्याने बांधलेलं असतं, आणि दोन पावसाळ्यांनंतर दोरा कुजून गळून पडतो. तोवर मुळं सालीवर चपटी होऊन अशी चिकटलेली असतात की रोप काढायचं तर सालच सोलावी लागेल.