लालसरी, मोठी

हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातील तलावांवर उतरणारे रंगीत रानबदक. शास्त्रीय नाव नेट्टा रुफिना, कुल ॲनॅटिडी. पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. दक्षिण युरोपपासून मध्य आशियामार्गे मंगोलिया व वायव्य चीनपर्यंत तिची वीण होते. लांबी सुमारे ५५ सेंमी., वजन साधारण एक किलो.

नराचे गोल डोके नारिंगी-तांबूस, चोच लालभडक, छाती व पोट काळे, बगला पांढऱ्या. मादी फिकट तपकिरी, गाल पांढुरके. वीण आटोपून पिसे झडली की नरही मादीसारखा दिसू लागतो. लाल चोच मात्र त्याला लपवता येत नाही.   

लालसरीची गणना बुडी मारणाऱ्या बदकांत होते, तरी उथळ पाण्यात शेपटी वर करून चरणेही तिला जमते. मुख्य अन्न पाण्याखालच्या वनस्पती. प्रियाराधनात नर तळाशी जाऊन पाणवनस्पती आणतो आणि मादीपुढे ठेवतो.

या आहारामुळेच तिचे येथील वास्तव्य तलावाच्या तळाशी बांधले गेले आहे. नवेगावबांध, परसवाडा यांसारखे जिल्ह्यातील तलाव निसर्गनिर्मित नाहीत. पूर्व विदर्भात धानाच्या सिंचनासाठी ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. पुढे त्यांना माजी मालगुजारी, बोलीत ‘मामा’ तलाव, हे नाव पडले. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथे असताना तिथल्या पाणपक्ष्यांचा अभ्यास केला.

गाळ, काठावर माजलेली बेशरम आणि पाणवनस्पतींवरच पोसणारा गवत्या मासा यांनी तलावाचा तळ उघडा पडतो. मग मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे नुकसान आणि बदकांची उपासमार एकाच वेळी होते. अर्जुनी-मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर बेशरम उपटून तळाशी देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्याने निवड त्यांच्याच माहितीवरून झाली.